वाकडीच्या पोटातली रेघ

९ जानेवारी

प्रिय ठमाबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील तर निदान मोठे तुकडे कर. म्हणजे मास्तरांना जोडून वाचता येईल. तुझ्या नवऱ्याने जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, फाटकं वाचायची त्यांना सवय आहे.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा पोस्टाचा मार्ग. कामाचंच बोलते. इथल्या मोठ्या संग्रहालयाने माझ्या सगळ्या कामाचं प्रदर्शन लावायचं ठरवलं आहे. पहिल्या फसलेल्या वाडग्यापासून ते आताच्या माणसाएवढ्या उंच भांड्यांपर्यंत सगळं. असं प्रदर्शन माणूस गेल्यावर लावतात, नाहीतर जायला टेकल्यावर. मला त्यांनी कुठल्या खात्यात धरलंय हे मी विचारलं नाही.

त्यांना वाकडी हवी आहे. तीच ती, हिरवी. पोट फुगलेलं, एक खांदा पडलेला, तोंड तिरकं. माझ्या हिरव्या भांड्यांतली ती पहिली. भट्टी उघडली तेव्हा तो रंग बघून मी मटकन खालीच बसले होते. ओल्या शेवाळाचा रंग, आणि आत कुठेतरी दिवा असावा तसा उजेड. त्या हिरव्याने मला नाव मिळवून दिलं. एका विद्वानाने तेव्हा लिहिलं होतं की ही पात्रं उपयोगातून मुक्त झालेली आहेत. मी ते कात्रण आईला वाचून दाखवलं, तर ती वाकडीकडे बघत म्हणाली, "मुक्त कसली? हिची तर कंबर धरलीय." तेव्हापासून तिचं नाव वाकडी.

मी ती आईला दिली होती. आई गेल्यावर घरातलं काहीच मी मागितलं नाही, हे तुलाही मान्य असेल. ही पण मागत नाहीये, उसनी नेते. प्रदर्शन संपलं की परत. आईच्या खोलीत कपाटावर असेल, धूळ पुसून ठेव. न्यायला माणूस पाठवते.

त्या जुन्या गोष्टीबद्दल लिहिणार नव्हते, पण हात लागलाच आहे तर लिहिते. आई शेवटच्या वर्षात मला रोज फोन करून सांगायची, "धाकटी मला विष घालते." मला ते खरं वाटलं नव्हतं. म्हातारपणाचा संशय, दुसरं काय. तरी मी तुला एकदा विचारलं, "तू तिला खायला काय घालतेस?" एवढंच. तू म्हणालीस, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस," आणि फोन ठेवलास तो कायमचाच. आईला पोचवायला गेलो तेव्हाही आपण एकाच भिंतीच्या दोन टोकांना उभ्या होतो. विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे, हे मी आजही म्हणते. माफी मागायला लिहिलेलं हे पत्र नाही. भांड्यासाठी लिहिलेलं आहे.

पिल्लू आता उंचीने तुझ्यापुढे गेली असेल. तिला मावशीची आठवण दे. देणार नाहीस, तरी लिहून ठेवते.

ताई


२३ जानेवारी

प्रिय ठमे,

तुझं उत्तर मिळालं. विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन ओळी. काटकसर आईची उचललीस.

"देता येणार नाही. रोज वापरात आहे."

मी ते वाचलं, कामाला लागले, मातीच्या वळ्या केल्या, आणि त्या तशाच ओल्या फडक्याखाली टाकून परत येऊन वाचलं. रोज वापरात म्हणजे काय गं? वाकडी वापरात असते? फुलं ठेवतेस का त्यात? तसं असेल तर काही हरकत नाही. चमचे, पेन्सिली, काड्यापेट्या काहीही ठेव. पण पाणी ठेवत असशील, किंवा खायचं काही, तर ठेवू नकोस. त्या वेळच्या झिलईला, म्हणजे वरच्या काचेच्या लेपाला, वर्षांनी बारीक तडे जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाणी आत मुरतं, वास धरतो, एक दिवस हातात तुकडे होतात आणि हात कापतो. म्हणून सांगते, दुसरं काही कारण नाही.

मी काचेचा एक चांगला जग पाठवते आहे. झाकणासकट. तो वापर.

आणि सहज विचारते, तुझं पोट कसं असतं? पूर्वी तुला दगड पचायचे. आता कळ येते का? पायऱ्या चढताना दम लागतो? हातातून कप वगैरे निसटतो का? हसू नकोस. आपल्या वयाला पोचलेल्या बायका एकमेकींना हेच विचारतात, कविता विचारत नाहीत.

मी आईला वाकडी दिली तेव्हा बजावलं होतं की हे वापरायचं नाही. तूही तिथेच होतीस. आठवतंय ना? मला तर चांगलं आठवतंय. तुला काय आठवतं ते कळव.

वाकडीत नक्की काय ठेवतेस हेही कळव. लगेच कळव. बिलाची मागची बाजू चालेल.

पिल्लू त्यातलं काही पीत नाही ना?

ताई


४ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र मी माणसाच्या हाती पाठवते आहे. तो दारात उभा असतानाच वाच. वाकडीत पाणी असेल तर आधी जाऊन मोरीत ओत. ओतलंस? आता पुढे वाच.

त्या झिलईत शिसं आहे.

तडे-बिडे मी रचून सांगितलं. तुझं दुसरं उत्तर आलं, "लिंबाचं पाणी. आईने सुरू केलं, मी चालू ठेवलं. तडा कुठेही नाही. तुझ्या प्रदर्शनासाठी बहाणे करू नकोस. माझं पोट माझं मी बघेन." ते वाचून मी तशीच मातीच्या हातांनी संग्रहालयात गेले. तिथे जुन्या वस्तू तपासणारी एक बाई आहे, मी तिला रसायनवाली म्हणते. वाकडीच्याच भट्टीतलं दुसरं एक भांडं त्यांच्याकडे आलेलं आहे. तिने त्याच्या आतून ओली पट्टी फिरवली आणि ती लालभडक झाली. तिने विचारलं, "यातलं एखादं कुणाच्या वापरात नाही ना?" मी नाही म्हणाले. ठमे, मी तिच्या तोंडावर नाही म्हणाले, आणि तशीच घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

लिंबाने शिसं सुटतं. रात्रभर भिजलं की फारच.

तिघांचंही रक्त तपासून घ्या. डॉक्टरांना "शिसं" हा शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर ते वय सांगतील.

आजपासून एक घोटही नको. बाकीचं मी नंतर लिहीन.

ताई


१२ फेब्रुवारी

ठमे,

मास्तरांचा शाळेतून फोन आला होता. ते इतके हळू बोलत होते की मला वाटलं वर्गात पेपर चालू आहे. "ताई, आता काही लिहू नका," ते म्हणाले. "तिने तुमचं पत्र वाचलं, वाकडी उचलली आणि माझ्यासमोर तळापर्यंत प्यायली. म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा. तेव्हा मी विष घालत होते, आता मीच पितेय म्हणून सांग तिला."

मास्तरांनी सांगितलं. पोचलं.

मी दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात येऊन उभी राहिले होते. बेल दिली. आतून तुझ्या सपातांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. तू त्या भोकातून बघत होतीस, मला तुझा श्वास ऐकू येत होता. तुझा श्वास पूर्वी इतका ऐकू यायचा नाही. मी दाराशी काय बोलले ते तुझ्या शेजारणीने ऐकलं, तू ऐकलंस की नाही ठाऊक नाही. म्हणून पुन्हा लिहिते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आपल्या दोघींत सारखाच आहे. पण या वेळी तू जळू नकोस.

पहिल्यांदाच मी "विष" का लिहिलं नाही, हे तू विचारशील. तडा का रचला? मला माझी लाज झाकायची होती हे खरं. पण एवढंच असतं तर मी केव्हाच लिहून मोकळी झाले असते. मी घाबरले ती दुसऱ्याच गोष्टीला. ते लिंबू रोज संध्याकाळी कोण पिळायचं? आईच्या मनगटात शेवटी जोर उरला नव्हता, सुरीसुद्धा धरवत नव्हती तिला. तूच पिळत असणार. तूच झाकण घालून ठेवायचीस आणि सकाळी अनशापोटी तिच्या हातात द्यायचीस. मी खरं लिहिलं की तुला कळणार, आई खोटं बोलत नव्हती. तू तिला खरोखरच विष देत होतीस. तुला माहीत नव्हतं, आणि ते विष माझं होतं. हे वाक्य मी कसं लिहायचं होतं, तूच सांग. आता लिहिलं तर आहे.

ती झिलई कशी झाली तेही सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी जाणूनबुजून काही केलं. तेव्हा आम्ही सगळेच शिसं काचेत वितळवून त्या काचेची पूड वापरायचो. विकणारा म्हणायचा, काचेत कोंडलेलं आहे, बाहेर येत नाही, निर्धास्त वापरा. ते त्याच्या परीने खरंही होतं. त्या झिलईचा रंग फिकट पिवळा यायचा, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखा. मला तो आवडेना. म्हणून मी त्यात तांब्याची पूड घातली. तांबं पडलं आणि तो हिरवा उगवला. तांब्याने शिशाची काच ढिली होते, कोंडलेलं सुटतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं ते पुष्कळ वर्षांनी, एका परिषदेत, चहाच्या वेळी, कुणाच्या तरी गप्पांत. मी मान डोलावली आणि बिस्कीट घेतलं. माझ्या भांड्यांतून कोण पिणार आहे, असं मला वाटलं. उपयोगातून मुक्त झालेली ना ती.

आईला मी बजावलं होतं हे खरं. पण काय बजावलं होतं? मी नीट आठवून बघितलं. मी म्हणाले होते, "आई, यात काही ठेवायचं नाही हं. हे घरातलं भांडं नव्हे, ही कला आहे." त्यावर ती म्हणाली, "ज्यात पाणी ठेवायचं नाही ते भांडं कसलं? घडा पालथा घालून ठेवू का?" आणि तू खो खो हसलीस. मी रागावून निघून गेले. धोका आहे हे मला तेव्हा माहीत असतं आणि तसं मी म्हणाले असते तर तिने ऐकलं असतं. तिला वाटलं, लेक शिष्ट झाली आहे. म्हणून तिने मुद्दाम त्यात पाणी ठेवलं असेल. किंवा मुद्दाम नसेलही. मास्तर म्हणाले, आई लिंबाचं पाणी पिताना रोज म्हणायची, "थोरलीच्या हातचं पिते." हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मी तिला माझ्या प्रदर्शनांची कात्रणं पाठवत होते, आणि ती मला रोज सकाळी पीत होती.

ज्या ज्या घरी ती हिरवी भांडी गेली त्या सगळ्यांना मी कळवलं. सगळ्यांची उत्तरं एकच. काचेच्या कपाटात आहे, हातही लावत नाही. एक गृहस्थ तर हसले, म्हणाले, "बाई, तुमच्या भांड्यातून कोण पिईल?" माझ्या सगळ्या कामातून एकाच बाईने पाणी प्यायलं. आणि तिच्यानंतर तू.

आईला काय काय व्हायचं ते एकदा ओळीने आठव. पोटात कळा. पांढरी नखं. वाटी हातातून सुटणं. आदल्या दिवशीचं विसरणं, आणि मग तो संशय, सगळ्यांवर. डॉक्टर म्हणाले वय झालं, आपणही म्हणालो वय झालं. त्यानेच ती गेली असं मी म्हणत नाही. रसायनवाली म्हणते, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. मला हे न कळणं आयुष्यभर पुरणार आहे.

आता शेवटचं विचारते. हे विचारल्यावर तू मला कायमची तोडशील, पण तशीही तोडलीच आहेस. शिशाने माणसाचा स्वभाव बदलतो म्हणतात. चिडका होतो, राग धरून बसतो. लहानपणी मी तुझी बाहुली मातीत बुडवली, तुझ्या वहीवर रंग सांडला, तुझा डबा खाल्ला. संध्याकाळी तू सगळं विसरून माझ्याच पांघरुणात शिरायचीस. तुझा हा राग, चार वर्षांचा, दाराआडचा, तो तुझाच आहे ना? की तोही मीच केलेला आहे?

रक्त तपास. माझ्यावर सूड म्हणून पिऊ नकोस. पिल्लूला आंबट आवडत नाही, असं मास्तर म्हणाले. ते ऐकून मी मोठ्याने रडले. आजवर कुणाच्या आवडीनिवडीने मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

ताई


१८ मार्च

प्रिय ठमे,

खोकं मिळालं. वाकडीला आईच्या राखाडी स्वेटरमध्ये गुंडाळलं होतंस. त्या स्वेटरला अजून तिच्या तेलाचा वास आहे. मी तो घडी करून ठेवलाय, हवा असेल तर परत पाठवते. नको असेल तर मला राहू दे.

सोबत तुझा रिपोर्ट होता आणि त्याच्या मागे तुझं लिहिणं. या वेळी दोन ओळींपेक्षा जास्त. आकडा मी बघितला. तुझं नाव झाकून रसायनवालीला दाखवला तर तिने चष्मा काढला. मास्तरांचा कमी आहे, ते आपले चहावाले. पिल्लूचा जवळजवळ नाहीच. तुझं लिहिणं मला पाठ झालंय: "गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टर म्हणाले रक्तातलं उतरेल, हाडांत बसलंय ते तिथेच राहील, हळूहळू झिरपत राहील. तुझा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. मलाच उत्तर ठाऊक आहे. तू आईला बघायला यायचीस ती पाहुण्यासारखी. मी तिचे कपडे बदलायचे तेव्हा तू खिडकीशी उभी राहून फोनवर प्रदर्शनाचं बोलायचीस. तो राग तेव्हाचा आहे, मी ते पाणी प्यायला लागायच्या आधीचा. तो माझा आहे, त्यात तुझं काही घातलेलं नाही. पुन्हा असं विचारू नकोस."

बरं. नाही विचारणार. ते वाचून मला बरं वाटलं म्हटलं तर तुला राग येईल, पण बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी तुझ्याकडे तुझी स्वतःची आहे.

मी वाकडीत हात घातला नाही, तोंड लहान आहे. बॅटरी लावून आत बघितलं. ठमे, आत एक रेघ आहे. पोटाच्या मध्यावर, सरळ, कुणी मोजून मारावी तशी. वाकडी वाकडी असली तरी आतलं पाणी सरळच उभं राहायचं. रेघेच्या वर तो हिरवा जसाच्या तसा आहे, त्या दिवशी मला खाली बसवणारा. रेघेच्या खाली काही नाही. राखाडी, खरबरीत, मेलेलं. तळाशी चमचा फिरून फिरून गोल झिजलंय. ती झिलई मीच ओतली होती, केवढी जाड ओतली ते माझ्या बोटांना अजून माहीत आहे. तिथून जेवढी गेली आहे तेवढी कुठे गेली असेल? ती हवेत उडून जात नाही.

मी पुष्कळ वेळ बॅटरी धरून बसले होते. बॅटरीचा उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा उठले.

संग्रहालयाला मी तुझं सोडून सगळं सांगितलं. त्यांचे साहेब म्हणाले, "मग हे भांडं वगळू या." मी म्हणाले, वगळायचं असेल तर मलाच वगळा. वाकडी मी हिऱ्याच्या करवतीने उभी चिरून घेतली आहे. धूळ उडू नये म्हणून पाण्याखाली चिरायला लागली. आता दोन्ही अर्धी शेजारी ठेवली की रेघ दिसते. तशीच ठेवणार आहेत, काचेआड.

खालच्या कार्डावर काय लिहायचं ते मी ठरवलंय. हे भांडं मी केलं, त्यातून माझ्या आईने रोज विष प्यायलं, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा एकटीचा आहे. तुझा उल्लेख कुठेही येणार नाही, याची काळजी करू नकोस. लिंबू कुणी पिळलं हे जगाला कळायची गरज नाही. तेवढं तरी मी तुझ्यासाठी करते.

गोळ्यांनी मळमळतं म्हणतात. काही पोटात घालून मग घेत जा.

ताई


३ मे

प्रिय ठमे,

तू एकदा चिडलीस की किती छान लिहितेस. तुझं पत्र, या वेळी खऱ्या कागदावरचं, माझ्या कामाच्या टेबलावर आहे आणि त्यावर मातीचा एक अंगठा उमटलाय, माफ कर.

"तेवढं तरी तू माझ्यासाठी करतेस? कुणी सांगितलंय? सगळं स्वतःकडे ओढायचं, हेच तू आयुष्यभर केलंस. नाव तुझं, कात्रणं तुझी, आईसुद्धा पिताना तुझंच नाव घ्यायची. आणि आता दोषही एकटीचाच? लोक काचेपुढे उभे राहून हळहळणार, कुणासाठी, तर पुन्हा तुझ्याचसाठी. भांडं तुझं होतं. लिंबू मी पिळलं. रोज. बिया काढून, गाळून, वर बशी झाकून. ते मी तिच्यावर माया होती म्हणून केलं, आणि ते तिला भोवलं, ते मी तुझ्या कार्डाखाली लपवणार नाही. वाटणीत मी काही मागितलं नाही, आता मागते. अर्धं माझं आहे. दे."

मी दोन दिवस काही काम केलं नाही. तुझं काय चुकलं ते शोधत बसले, नेहमीप्रमाणे. काही सापडलं नाही.

मग काल संग्रहालयात गेले. भिंतींना रंग लावून झालाय, वासाने डोकं धरतं. मोठी भांडी आपापल्या जागी उभी आहेत, पाहुणे आल्यासारखी. वाकडीची दोन अर्धी मधल्या लहान खोलीत आहेत, दुसरं काही नाही तिथे. रसायनवाली कार्ड लिहायला बसली होती. मी तिला माझं आधीचं कार्ड परत मागितलं आणि फाडलं. मोठे तुकडे केले नाहीत.

तिने नवं घेतलं. नाव, वाकडी. साहित्य, माती, काच, तांबे, शिसे. मी म्हणाले, "त्याखाली लिहा, वापरात होती." तिने लिहिलं. मग म्हणाली, "निर्मितीपुढे तुमचं नाव आहेच." मी म्हणाले, "माझ्या शेजारी अजून एक नाव लिहा," आणि तुझं नाव सांगितलं. पूर्ण, लग्नानंतरचं, तुला आवडतं तसं. अक्षरं लहानमोठी नकोत, एकाच आकाराची हवीत, हेही सांगितलं.

"या कोण?" तिने विचारलं.

"माझी धाकटी बहीण."

"याही भांडी करतात? मला माहीत नव्हतं. मग यांनी यात काय केलं, असं लिहू?"

"लिंबू पिळलं," मी म्हणाले.

तिने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग तिने खाली मान घातली आणि तसंच लिहिलं.

ताई